फोंडाघाटात दिसेनासा झालेला रस्ता: मासळीच्या एका पिकअपचं प्रकरण

ऑगस्टचा दुसरा आठवडा. मासेमारीची बंदी उठून दहा-बारा दिवस झाले होते. मालवणातला एक मासळीचा पिकअप संध्याकाळी पाचला गॅरेजात आला आणि ड्रायव्हरने दुखणं एका वाक्यात सांगितलं. "मेस्त्रीनु, रस्तो पांढरोफटक दिसता, पण रस्त्यावरचा काय्येक दिसना नाय."

पंचवीस वर्षं मी मालवण-कुडाळ पट्ट्यात गाड्यांचं वायरिंग करतो आहे. लाइट कमी पडतो ही तक्रार जुनीच. लाइट भरपूर आहे पण दिसत नाही, ही मात्र गेल्या काही वर्षांतली, एलईडी बल्ब दुकानादुकानात लटकायला लागल्यापासूनची. हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण या एका गाडीत चार चुका एकावर एक चढल्या होत्या आणि त्यातली एक माझी होती.

गाडी आणि तिची वाट

पिकअप नऊ वर्षांचा, साधारण दीड टन माल पेलणारा. मागे पाट्याच्या स्प्रिंगा, पुढे एच४ बल्बचे हेडलाइट, म्हणजे एकाच बल्बात अप्पर (लांब जाणारा उजेड) आणि डिपर (खाली, जवळ पडणारा उजेड) दोन्ही. मालक मालवणचे. गाडी चालवतो त्यांचा भाचा. बंदरावर संध्याकाळचा लिलाव आटोपला की बर्फात लावलेले क्रेट चढतात, रात्री अकराच्या आसपास गाडी सुटते. कसाल, कणकवली, मग फोंडाघाट चढून दाजीपूर, राधानगरी आणि उजाडायच्या आधी कोल्हापूर. परत येताना गाडी रिकामी आणि दिवस उजाडलेला. हा तपशील मी त्या दिवशी ऐकला, पण त्याचं वजन मला काही दिवसांनी कळलं.

ज्यांनी हा घाट पावसाळ्यात रात्री केला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. अर्ध्या घाटानंतर धुकं कधी खाली बसेल याचा नेम नाही. वळणांवर डोंगराचं पाणी रस्त्यावरून वाहतं. आणि वर गेलं की दाजीपूरचं जंगल, गव्यांचं. १९५८ साली गव्यांसाठी राखलेलं हे रान आज राधानगरी अभयारण्य म्हणून ओळखलं जातं. गवा रात्री सहज दिसत नाही, कारण अंगही काळं आणि डांबरही काळं. दिसतात ते त्याचे गुडघ्याखालचे पांढरे पाय, मोजे घातल्यासारखे. म्हणजे या वाटेवरच्या ड्रायव्हरला उजेड हवा तो जमिनीलगत, डाव्या कडेने लांबवर जाणारा. माणसाच्या छातीच्या उंचीवर पसरलेला उजेड त्याला काही कामाचा नाही.

आधी काय काय झालं होतं

हे एका बैठकीत कळलं नाही. थोडं ड्रायव्हरने सांगितलं, थोडं मालकांनी फोनवर, उरलेलं गाडीने.

चार वर्षांपूर्वी कुणीतरी या गाडीत १००/९० वॅटचे हॅलोजन बल्ब घातले. मूळ बल्ब ६०/५५ चा, म्हणजे अप्परला ६० वॅट आणि डिपरला ५५. वायरिंग, होल्डर (बल्ब ज्यात बसतो ती खोबण), स्विच सगळं त्याच हिशेबाने बनवलेलं. ९० वॅटचा बल्ब रोज चार-पाच तास चालवला की होल्डरचं प्लास्टिक तपकिरी होतं, मग काळं पडतं, आतली पितळी पट्टी तापून ढिली होते आणि ढिली पट्टी आणखी तापते. वर्षभरात उजेड पिवळट आणि मंद झाला. मग पुन्हा ६०/५५ घातले, तरी मंदच. मालकांची समजूत झाली की हॅलोजनच टाकाऊ.

या मेमध्ये त्यांनी शहरातल्या एका दुकानातून पाच हजारांची एलईडी जोडी बसवून घेतली. कोरड्या रस्त्यावर तीन आठवडे मंडळी खूश. मग १ जूनला बंदी लागली. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौका समुद्रात जात नाहीत, त्यामुळे मासळीच्या बऱ्याच गाड्याही दारात उभ्या राहतात. ही गाडी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, माडांखाली, दोन महिने पावसात उभी होती. ऑगस्टमध्ये निघाली ती या अवस्थेत.

उघडल्यावर काय दिसलं

हेडलाइटच्या मागे रबराची टोपी असते. पाणी, धूळ आणि आपल्याकडे खारी हवा आत जाऊ नये म्हणून. एलईडीच्या मागचा पंखा आणि उष्णता बाहेर टाकणारे ॲल्युमिनियमचे पंखेरे त्या टोपीत मावत नाहीत. बसवणाऱ्याने टोपी ब्लेडने कापून मधून बल्ब बाहेर काढला होता. उजव्या बाजूला तर टोपी नव्हतीच.

काचेच्या आतून थेंब लोंबत होते. उजव्या रिफ्लेक्टरची, म्हणजे उजेड पुढे फेकणाऱ्या आतल्या आरशाची, चंदेरी खालच्या कोपऱ्यात रुपयाएवढी उडाली होती. डाव्या बल्बचा पंखा मिठाने धरला होता, बोटानेही फिरेना. चालू करून मीटर लावला, तर सुरुवातीला बल्ब १.९ अँपिअर घेत होता. दहा मिनिटांनी १.१. पंखा बंद पडला की एलईडी स्वतःला वाचवण्यासाठी करंट कमी करते, म्हणून ड्रायव्हरला वाटायचं की कणकवली सोडली की डावा लाइट झोपतो. उजव्या बल्बची कॉलर (त्याला जागी धरणारी कडी) सैल होऊन तो थोडा फिरला होता.

इथे एक गोष्ट कोकणातल्या प्रत्येक गाडीवाल्याने ध्यानात घ्यावी. हॅलोजन बल्ब आपली बरीचशी वीज उष्णतेत घालवतो, ही त्याची उधळपट्टी खरी. पण ती उष्णता पुढे काचेकडे जाते आणि आतला दमटपणा पंधरा-वीस मिनिटांत वाळवते. एलईडीची उष्णता मागे पंखेऱ्यांत जाते, काच थंडच राहते. देशावरच्या कोरड्या हवेत याने फारसं बिघडत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे आत शिरलेलं पाणी बाहेर निघायला दुसरी वाटच नसते.

भिंतीवरची परीक्षा

माझ्या गॅरेजासमोर जुन्या भातगिरणीची भिंत आहे, तिच्यापुढची जागा सपाट आहे. टेपने दहा मीटर मोजून खडूची रेघ कायमची मारून ठेवली आहे. गाडी रेघेवर उभी केली, हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजली, ती ८५ सेंटिमीटर भरली, तेवढ्याच उंचीवर भिंतीवर आडवी रेघ ओढली आणि डिपर लावला.

चांगल्या डिपरचा उजेड भिंतीवर कापल्यासारखा दिसतो. वर अंधार, खाली उजेड, मधली धार स्वच्छ. आपण डावीकडून चालतो, म्हणून डाव्या अंगाला ती धार थोडी वर चढते, कडेचा माणूस किंवा जनावर दिसावं म्हणून. या गाडीची धार सापडेना. आडव्या रेघेच्या वरही ढगासारखा पांढरा उजेड होता, उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या बाजूला, एक ठळक डाग होता, आणि डावीकडची चढण पुसून गेली होती.

याचं कारण बल्बच्या पोटात आहे. एच४ बल्ब १९७१ सालापासूनचा. त्यात दोन तारा असतात. अप्परची तार रिफ्लेक्टरच्या नाभीवर बसते, डिपरची किंचित पुढे. डिपरच्या तारेखाली एक छोटी धातूची वाटी असते. वाटीमुळे त्या तारेचा उजेड फक्त रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर फेकला जातो. वाटीची एक कड जराशी तिरकी, तिच्यातूनच डावीकडची ती चढण तयार होते. मागच्या चकतीला तीन कान असतात ते बल्ब एकाच कोनात बसावा म्हणून. तारेची जागा मिलिमीटरच्या अंशात ठरलेली, आणि रिफ्लेक्टरचा प्रत्येक पैलू ती तार तिथेच आहे असं धरून घडवलेला. म्हणून मी गिऱ्हाइकांना सांगतो की बल्ब नि रिफ्लेक्टर ही नवरा-बायकोसारखी जोडी आहे, एकाला बदलून दुसऱ्याकडून जुना संसार मागता येत नाही.

एलईडीत तार नसते. पट्टीच्या दोन्ही अंगांना उजेड देणारे सपाट चिप असतात. तारेचा उजेड चारी बाजूंना सारखा पडतो, चिपचा समोर जास्त आणि बाजूला कमी. पट्टीला जाडी असते, त्यामुळे दोन्ही अंगांचे चिप एकाच जागी बसू शकत नाहीत. चांगल्या बनावटीत पट्टी अगदी पातळ करतात, वाटीही बरोबर जागी देतात, आणि चिप डावी-उजवीकडे तोंड करून राहतील अशी कॉलर घट्ट असते. तो बल्ब बराच जवळ जातो. या गाडीतली पट्टी जाड होती, वाटी नावापुरती, आणि एक बल्ब फिरलेला. भिंतीवर दिसला तो त्याचाच परिणाम.

डब्यावर २०,००० ल्यूमेन छापलं होतं. एका बल्बला १.९ अँपिअर, १३ व्होल्टच्या आसपास, म्हणजे २५ वॅट. अशा बल्बात वॅटमागे शंभर-सव्वाशे ल्यूमेन मिळाले तर उत्तमच, म्हणजे गार असताना अडीच-तीन हजार. एच४ हॅलोजनचा ठरलेला आकडा १३.२ व्होल्टला डिपरचे १,००० आणि अप्परचे १,६५० ल्यूमेन. डब्यावरचा आकडा अशक्य आहे, तरी एलईडी हॅलोजनपेक्षा जास्त उजेड देते हे खरंच, आणि तेही निम्म्याहून कमी विजेत. हे मी नाकारत नाही. पण ल्यूमेन म्हणजे बल्बमधून एकूण किती उजेड निघाला, तो कुठे पडला हे त्यात येत नाही. ड्रायव्हरचा जीव त्या दुसऱ्या गोष्टीवर अवलंबून असतो.

पांढरा रस्ता, काळा रस्ता

मग मेमध्ये सगळं छान का दिसलं? कोरडं डांबर खरबरीत असतं. त्यावर पडलेला उजेड सगळीकडे विखुरतो आणि त्यातला थोडा आपल्या डोळ्यांपर्यंत परत येतो. ओल्या डांबरावर पाण्याचा थर बसतो आणि रस्ता आरशासारखा वागायला लागतो. आपला उजेड पुढे घसरत समोरच्या गाडीवाल्याच्या डोळ्यात जातो, परत काही येत नाही. म्हणून पावसात कुठलाही लाइट कमी वाटतो आणि म्हणूनच पावसात धार नसलेला लाइट समोरच्याला दुप्पट छळतो.

दुसरं, या एलईडीचा बराच उजेड गाडीच्या नाकासमोर, पहिल्या दहा-पंधरा मीटरांत सांडत होता. नाकासमोर लख्ख असलं की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं काळं पडतं. त्यात वरच्या ढगाने पावसाचे थेंबही उजळून निघत. ड्रायव्हरचं "पांढरोफटक" हे नेमकं वर्णन होतं.

ओल्या रस्त्यावर ताशी ५० च्या वेगाने जाताना गवा दिसला, तर पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, त्यात २१ मीटर गेले. मग ओल्या डांबरावर गाडी थांबायला आणखी साधारण २५. म्हणजे ४६ मीटर आधी ज्याचे पाय दिसले नाहीत, त्याला आपण धडकणार. ताशी ४० ला हेच अंतर ३२-३३ मीटरवर येतं. मी ड्रायव्हरला हे खडूने भिंतीवर लिहून दाखवलं. त्याने त्याचा फोटो काढून ठेवला.

धुक्याबद्दल ड्रायव्हर लोकांत एक ठाम समजूत आहे, की पिवळा लाइट धुक्यातून आरपार जातो. धुक्याचा थेंब उजेडाच्या लहरीपेक्षा कितीतरी पटींनी मोठा असतो, त्यामुळे तो पिवळा, पांढरा, निळसर सगळ्यांना जवळपास सारखाच विखुरतो. पिवळा लांब जातो असं नाही. पण निळसर पांढरी झळ डोळ्याला जास्त टोचते, हा ड्रायव्हरांचा अनुभव खोटा नाही. हॅलोजनचा उजेड ३,२०० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जास्त तितका उजेड निळसर) आसपासचा, ऊबदार, तर या एलईडीवर ६,५०० लिहिलं होतं. धुक्यात खरा फरक पडतो तो उजेड खाली ठेवण्याने. काचेवर पिवळा कागद चिकटवून तर असलेला उजेडही जातो.

हॅलोजन का मेला होता

माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा इथे आहे. एलईडी काढून नवे ६०/५५ घातले, तर उजेड मालक म्हणत होते तसाच, मेणबत्तीसारखा. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर धरला, १४.१ व्होल्ट. होल्डरच्या पट्टीवर धरला, ११.९. मधले २.२ व्होल्ट जळक्या होल्डरात, स्विचच्या झिजलेल्या पॉइंटात, वायरी जोडणाऱ्या, हिरवट पूड चढलेल्या कपलरात आणि गंजलेल्या अर्थिंगमध्ये जात होते.

व्होल्ट थोडे पडले की हॅलोजनचा उजेड थोडा पडत नाही, धाडकन पडतो. उजेड व्होल्टच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. १३.२ च्या जागी ११.९ मिळाले, म्हणजे व्होल्ट दहा टक्क्यांनी कमी, पण उजेड तीस टक्क्यांनी. उरलेला उजेड पिवळसर, आणि तो पिवळ्या पडलेल्या काचेतून बाहेर यायचा.

एलईडीच्या आत करंट सांभाळणारं सर्किट असतं, तिला ११.९ मिळाले काय आणि १४ मिळाले काय, ती तेवढीच पेटते. म्हणून एलईडी घातल्याबरोबर उजेड आला आणि सगळ्यांना वाटलं दुखणं गेलं. दुखणं वायरिंगचं होतं, ते तसंच राहिलं, फक्त झाकलं गेलं. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे एलईडी घालायला आलेल्या गाड्यांपैकी बहुतेकांचं मूळ दुखणं हेच निघालं आहे. आधी होल्डरवरचे व्होल्ट मोजा, मग बल्ब विकत घ्यायचा की नाही ते ठरवा, इतकं साधं काम कुणी करत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मालकांशी बोलणं

मालक सातला आले आणि रागावले, ते साहजिक होतं. "पाच हजार घातलंय मी ह्येच्यात, नि तू माका परत पिवळो लाइट दितंस?"

मी त्यांना भिंतीसमोर उभं केलं. एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला बॅटरीवरून थेट वायर लावून पेटवलेला साधा हॅलोजन. पूर्ण व्होल्ट मिळालेला ६०/५५ त्यांनी बहुधा नऊ वर्षांत पहिल्यांदाच पाहिला. धार दिसली, डावीकडची चढण दिसली. मग त्यांना गाडीपासून तीसेक पावलं लांब नेलं आणि समोरून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या डोळ्याच्या उंचीने दोन्हीकडे बघायला सांगितलं. एलईडीकडे त्यांना बघवेना. त्यानंतर वाद झाला नाही.

कायद्याचंही सांगितलं, कारण गाडी व्यवसायाची. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेरचा बदल मालकाला मनाने करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंडाची आणि कैदेचीही तरतूद आहे. आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला दरवर्षी फिटनेस करावी लागते. अपघात झालाच तर विमा कंपनी काय काय विचारेल, हा विचार मालकांचा मालकांनीच केला.

एलईडीला माझा विरोध नाही. कंपनीतूनच एलईडीसाठी घडवलेला हेडलाइट, ज्याचा रिफ्लेक्टर किंवा भिंग त्या चिपसाठीच बनलंय, तो हॅलोजनपेक्षा सरसच आहे. जर्मनीत ऑसरामच्या एच७ एलईडी बल्बला २०२० साली रस्त्यावर वापरायची मान्यता मिळाली, पण ती तपासून पाहिलेल्या गाड्यांच्या यादीपुरती. म्हणजे तिथेही प्रश्न नुसत्या बल्बचा धरला नाही, कुठल्या दिव्यात कुठला बल्ब असा धरला. माझ्यासमोर होता नऊ वर्षांचा, हॅलोजनसाठी घडवलेला, अर्धवट चंदेरी उडालेला दिवा. त्यात मी एलईडी ठेवणार नव्हतो.

काय केलं

दोन रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) घातले, एक डिपरला, एक अप्परला. बॅटरीच्या प्लसवरून फ्यूजमार्गे अडीच चौरस मिलिमीटरची वायर रिलेला, रिलेवरून तीच जाडी बल्बला. जुनी वायर आता फक्त रिलेचं कॉइल ओढते, त्यामुळे स्विचवरचा दहा अँपिअरचा भार गेला. अर्थिंग बॉडीवर न सोडता दोन्ही दिव्यांपासून थेट बॅटरीच्या मायनसला. होल्डर चिनीमातीचे. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच घ्यावा, लांब घेतला तर मधली वायर घासून शॉर्ट झाल्यावर त्याचा उपयोग नाही. कपलरमध्ये सिलिकॉन ग्रीस भरलं. आपल्याकडे सवयीने व्हॅसलीन भरतात, पण दिव्यामागच्या उष्णतेत ते वितळून जातं.

बल्ब साधे, पारदर्शक, ६०/५५ चे, नामांकित बनावटीचे. निळ्या काचेचे घातले नाहीत, निळा रंग उजेडातला काही भाग गिळतो. "शंभर टक्के जास्त उजेड" वाले महाग हॅलोजनही नाहीत. त्यांची तार जास्त तापवलेली असते, म्हणून आयुष्य कमी, आणि रोज रात्री चालणाऱ्या गाडीला ते परवडत नाही. बल्बच्या काचेला बोट लावलं नाही. बोटाचा तेलकटपणा तिथे भाजला जातो आणि बल्ब लवकर जातो.

बाहेरची काच पॉलीकार्बोनेटची, म्हणजे प्लास्टिकची, उन्हाने पिवळी पडलेली. पाणी टाकत ८०० पासून ३,००० नंबरपर्यंतचे सँडपेपर ओढले, पॉलिश केलं, वर उन्हापासून वाचवणारा थर दिला. हा थर न देता सोडलेली काच वर्षाच्या आत परत पिवळी होते, म्हणून टूथपेस्ट घासून चमकवलेल्या काचांवर पैसे घालवू नयेत. दिवे खोलून वाळवले, नव्या रबरी टोप्या घातल्या. उजव्या रिफ्लेक्टरच्या डागाला काही करता आलं नाही.

होल्डरवर १३.६ व्होल्ट आले. ११.९ वरून १३.६, उजेड दीडपटीच्या वर. बिल सगळं मिळून २,६०० रुपये.

माझी चूक

फोकस भिंतीवर सेट केला. धार दहा मीटरवर दिव्याच्या मध्यापेक्षा १० सेंटिमीटर खाली, म्हणजे एक टक्का उतार. ८५ सेंटिमीटर उंचीच्या दिव्याचा उजेड असा साधारण ८५ मीटरवर जमिनीला टेकतो. पुस्तकात आहे तसंच. गाडी पाठवली आणि निर्धास्त झोपलो.

तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर आला. रस्ता चांगला दिसतो म्हणाला, पण, "काल तीन गाडयेवाल्यांनी डिपर मारल्यानी. आमचो डिपरच होतो." म्हणजे समोरच्यांनी लाइट मिचकावून अप्पर खाली कर असं सुचवलं, आणि याचा अप्पर लागलेलाच नव्हता.

मी परत रेघेवर उभी करून पाहिली, फोकस जागच्या जागी होता. चहा पिताना मला ते वाक्य आठवलं: जाताना भरलेली, येताना रिकामी. मी फोकस रिकाम्या गाडीचा सेट केला होता, आणि ही गाडी रात्री कधी रिकामी चालतच नाही.

त्या रात्री दहाला, क्रेट चढवल्यावर, गाडी गिरणीसमोर आणली. मागचा भाग ६ सेंटिमीटर बसला होता. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर तीन मीटर, म्हणजे नाक दोन टक्क्यांनी वर. भिंतीवर धार रेघेच्या १० खाली असायची ती १० वर गेली होती. अशी धार पन्नास मीटरवर जमिनीपासून १.३५ मीटरवर असते, आणि छोट्या कारमधल्या माणसाचा डोळा त्याहून खाली. त्या तिघांनी डिपर मारला तो रास्तच होता. मासळी आणि बर्फ नेणाऱ्या, चिरे वाहणाऱ्या, आंब्याच्या पेट्या नेणाऱ्या आपल्याकडच्या किती गाड्यांचा फोकस रिकाम्या गाडीवर सेट केलेला असेल, या विचाराने मला त्या रात्री अस्वस्थ वाटलं. त्यात मी सेट केलेल्याही कितीतरी असणार.

ज्या गाडीला आत फोकस खालीवर करायचं बटण असतं तिला हे ड्रायव्हर जागेवरून जमवू शकतो. या गाडीला ते नव्हतं. भरलेल्या अवस्थेत धार पुन्हा १० खाली आणली. रिकामी असताना ती तीन टक्के उतारावर जाईल आणि उजेड अठ्ठावीस मीटरपर्यंतच पोचेल, हे ड्रायव्हरला समजावलं. परतीला उजाडलेलं असतं म्हणून चालेल, पण रिकामी गाडी कधी रात्री काढायची वेळ आली तर वेग कमी ठेव, असं दोनदा सांगितलं.

घाटात

पुढच्या आठवड्यात मी स्वतः त्याच्याबरोबर गेलो. कणकवलीच्या पुढे पाऊस लागला, फोंड्याच्या वर धुकं. रस्ता आता पांढरा नव्हता. समोर थोडा मंद, पण सारखा, आणि डावीकडे लांबवर कठड्याचे दगड एकामागून एक उगवत होते. "आता कडेची पट्टी दिसता, मेस्त्रीनु," तो म्हणाला. समोरून आलेल्या गाड्यांपैकी एकानेही डिपर मारला नाही. धुकं दाट झालं तेव्हा त्याचा हात सवयीने अप्परकडे गेला. "झिला, नको," मी म्हटलं. अप्परने समोर पांढरी भिंत उभी राहते, ती बल्ब कुठलाही असला तरी. तो वीसच्या वेगावर आला आणि डिपरवरच राहिला.

गवा त्या रात्री दिसला नाही. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला, की दाजीपूरच्या अलीकडे वळणावर आधी चार पांढरे पाय दिसले, मग गवा. गाडी थांबली आणि कळप जाईपर्यंत थांबूनच होती.

उजव्या दिव्याच्या चंदेरीचा डाग वाढतो आहे. ३१ मेला बोटी वर ओढण्याआधी तो दिवा अख्खा बदलायचा, आणि बंदीत गाडी उभी राहील तेव्हा पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास लाइट लावून आतली हवा वाळवायची, असं मालकांशी ठरलं आहे. एलईडी त्यांना हवीच होती, म्हणून मागच्या हौद्यात, क्रेट चढवतात आणि वजन करतात तिथे, छताला एक बंद पेटीची एलईडी पट्टी लावून दिली. तिथे धार नको, चढण नको, नुसता भरपूर पांढरा उजेड हवा. सुरमई ताजी आहे की नाही, ते आता बंदरावर टॉर्च न धरताही दिसतं.